डासकाकांचं उपाशी रक्त

थंडी अशी पडली होती, की माणसांच्या शिरासुद्धा कातडीखाली पांघरूण ओढून झोपल्या होत्या. सकाळचे साडेसहा. रस्त्यावर धुकं, स्कूटरच्या सीटवर दव आणि दोन पायांच्या मध्ये बर्फाच्या पिशव्या घातलेली निळी पेटी, अशा थाटात डासकाका निघाले होते. पेटीत रिकाम्या नळ्या होत्या. लाल बुचाच्या, जांभळ्या बुचाच्या, करड्या बुचाच्या. नऊच्या आत त्या लोकांच्या रक्ताने भरून लॅबमध्ये आणायच्या, हा त्यांचा गेल्या सत्तावीस वर्षांचा शिरस्ता.

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींचं. आजींचा हात म्हणजे वाळलेली शेंग, त्यात थंडी. शीर कुठे म्हणून दिसेना.

"आजी, हात चोळा जरा. गार पडलाय."

"तूच चोळ. सुई तुझी, नळी तुझी, रक्त तेवढं माझं. वर चोळायचं पण मीच?"

काकांनी आजींचा हात आपल्या तळव्यांत धरून चोळला, दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत दोन टिचक्या मारल्या आणि डोळे मिटले. शीर ते डोळ्यांनी शोधतच नसत. बोट ठेवायचं, जरा थांबायचं, आणि सुई आत.

"टोच ना मेल्या एकदाचं," आजी म्हणाल्या.

"नळी भरली, आजी."

या एका कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे त्यांच्या वैऱ्यांनाही मान्य होतं. डासकाका हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं, ते मोठ्यांनी उचललं आणि पुढे घरात बायकोनेही. ती चिडली की त्यातला काका गळायचा आणि नुसता डास उरायचा.

खोट हातात नव्हती, डोक्यात होती. काका बारावीला विज्ञानात दोनदा आपटले आणि लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवायला लागले. तिथल्या म्हाताऱ्या टेक्निशियनने त्यांना सुई शिकवली. रिपोर्ट वाचायला मात्र त्यांना कुणी शिकवलं नाही, ते आपले आपणच शिकले, आणि तिथेच घात झाला. लॅबच्या रिपोर्टवर एखादा आकडा ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की मशीन त्याच्यापुढे एक चांदणी छापायचं. काकांनी त्यावरून अख्खं वैद्यकशास्त्र उभं केलं. चांदणी आहे, तर आजार आहे. चांदणी नाही, तर नाटक आहे.

रविवारी सकाळी त्यांच्या घराच्या पायरीवर कोर्ट भरायचं. शेजारपाजारचे लोक आपापले रिपोर्ट घेऊन यायचे. काका चष्मा कपाळावर चढवून कागद हातभर लांब धरायचे आणि निकाल द्यायचे.

"काही नाही तुला. जा, काम कर."

"पण काका, पाठ दुखते हो."

"पाठ दुखते म्हणून तू म्हणतोस. रक्त काय म्हणतंय? रक्त खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते सुरू झालं की आतून शिवणयंत्राची खडखड वाढायची. बायको घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. नवऱ्याचं ज्ञान ऐकू येऊ नये म्हणून ती पाय जोरात मारते, असं गल्लीत बोललं जायचं. खोटं नव्हतं ते.

तिच्या मनात एक अढी होती, आणि तिला कारण होतं. चार वर्षांपूर्वी तिची आई त्यांच्याकडे राहायला आली होती. जेवण झालं की म्हातारी उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायची, घामाघूम व्हायची, उजवा खांदा मागून ठणकतो म्हणायची. तास-दोन तासांनी आपोआप बरं वाटायचं. जावयाने सासूचं रक्त घेतलं, सकाळी, उपाशीपोटी, अगदी शास्त्रशुद्ध. एक चांदणी नाही. काकांनी पायरीवर बसून, चार शेजाऱ्यांच्या देखत निकाल दिला: "लेकीच्या घरी लाड करून घ्यायची हौस. बाकी काही नाही."

म्हातारी त्याच दिवशी सामान बांधून मुलाकडे गेली. पाच महिन्यांनी तिच्या पित्ताशयातून खडे निघाले, चांगले वाटाण्याएवढे. काका म्हणाले, "अपवाद असतात." बायको म्हणाली, "डास," आणि आठ दिवस दुसरा शब्द बोलली नाही.

आता तीच कळ काकांच्या पोटात उठायला लागली होती, त्याला आठ महिने झाले होते. तीच बरगडी, तोच खांदा, तोच घाम. जेवण जरा तेलकट झालं की अर्ध्या-पाऊण तासाने आतून कुणी मूठ आवळायला घ्यायचं, आणि ती मूठ दोन-दोन तास सुटायची नाही. बायकोने पहिल्याच वेळी ओळखलं.

"अहो, हे आईसारखं आहे. पोटाची सोनोग्राफी करून घ्या."

"गॅस आहे."

"आईला पण तुम्ही गॅसच म्हणाला होतात. नाही, चुकले. नाटकी म्हणाला होतात."

"मी रक्त बघतो की माझं. त्याच्यापुढे काय आहे?"

आणि काकांनी ते खरंच बघितलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ते स्वतःच स्वतःच्या डाव्या हातातून रक्त काढायचे. पट्ट्याचं एक टोक दातात, सुई उजव्या हातात. लॅबमध्ये मशीन चालवणारी बाई, तिला सगळे मशीनवालीच म्हणत, ती नळी इतरांच्या नळ्यांबरोबर गुपचूप लावून द्यायची. लिव्हरचे आकडे, बिलिरुबिन, पांढऱ्या पेशी, सगळं. आणि दर वेळी कागद कोरा. चांदणी म्हणून नाही.

यात एक मेख होती. काका सत्तावीस वर्षं लोकांना एकच मंत्र देत आले होते: "उपाशीपोटी या. चहासुद्धा नको." स्वतःच्या बाबतीत तर ते जास्तच कडक. लोकांना बारा तास, स्वतःला अठरा. शनिवारपासूनच तेल-तूप बंद, रविवारी दुपारनंतर घास नाही. नमुना कसा स्वच्छ हवा! आता पोटात घासच नाही, म्हटल्यावर पित्ताशयाला तरी काय काम? तेही बिचारं हातपाय पसरून पडायचं. कळ यायची बुधवारी, शुक्रवारी, आणि रक्त निघायचं सोमवारी. आगीचा बंब यायचा, पण दर वेळी राख गार झाल्यावर, आणि वर पावती द्यायचा, की आग लागलीच नव्हती.

असे सात कागद त्यांनी एका प्लास्टिकच्या फायलीत लावले होते. कळ गेली की ते फाईल उघडून बसायचे.

"फाईल ठणठणीत आहे," बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. "तुमचं काय ते सांगा."

सोनोग्राफीला जायचं नाही, याला आणखी एक कारण होतं, आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. लॅबच्या शेजारच्याच गाळ्यात सोनोग्राफी सेंटर होतं. दोन्ही दारांच्या मधे एकच लांब बाकडं. आणि सकाळच्या वेळी त्या बाकड्यावर बसलेला उपाशी पेशंट ही दोन्ही दुकानांची सामाईक मालमत्ता होती. पोटाच्या सोनोग्राफीलाही उपाशी लागतं आणि रक्तालाही. त्यामुळे आधी कुणी न्यायचा, यावर रोज वाद. पलीकडच्या काउंटरवर बसणारी सोनोवाली दणकट बाई होती, आवाज तर विचारूच नका.

"ए डासकाका, तो निळ्या स्वेटरवाला माझा आहे! नंबर दिलाय मी त्याला!"

"आधी रक्त! अर्ध्या तासात चक्कर येईल त्याला."

"येऊ दे. आमच्याकडे झोपायला पलंग आहे. तुमच्याकडे काय आहे, स्टूल?"

काका सोनोग्राफीला 'ढगांचं खातं' म्हणायचे. "काळे ढग, पांढरे ढग. मध्ये बोट ठेवून सांगतात, हे बघा तुमचं मूत्रपिंड. उद्या म्हणतील, इथे जोराचा पाऊस आहे." हे ते पेशंटांच्या देखत बोलायचे आणि सोनोवाली ऐकत असायची. आता त्याच बाईच्या दारात जाऊन, सदरा वर करून पलंगावर पोट उघडं टाकायचं? त्यापेक्षा कळ बरी.

तर त्या थंडीच्या सोमवारी आजींचं रक्त घेऊन, मग आणखी अकरा घरं करून काका लॅबमध्ये आले. येण्याआधी जिन्याखाली उभं राहून त्यांनी स्वतःचं रक्तही काढलं होतं. अकरा वाजता मशीनवालीने कागद हातात ठेवला.

"आठवा. अभिनंदन. तुमच्या रक्तावर आता मशीन तपासून घ्यावं म्हणते मी."

चांदणी नव्हती. काकांनी छाती पुढे काढली. अठरा तासांचा उपास, आणि आठवं निर्दोषपत्र हातात. त्याच दिवशी लॅब सुरू होऊन तीस वर्षं झाली म्हणून लॅबच्या डॉक्टरांनी, म्हणजे मॅडमनी, दुपारी सगळ्यांसाठी क्रीमचा केक आणि तळलेल्या बटाट्यांच्या पिशव्या आणवल्या होत्या. काकांनी केकचे तीन तुकडे खाल्ले. तिसरा खाताना मशीनवालीने भुवया उचलल्या.

"काका, बेताने."

"कागद बघितलास ना माझा?" काका बोटावरचं क्रीम चाटत म्हणाले. "कागद आहे तोवर भीती कसली?"

दोनच्या सुमाराला मूठ आवळली. पण या वेळी ती नेहमीची मूठ नव्हती. काका सुया टाकायच्या डब्याशेजारी खाली बसले. कपाळावरून घाम असा निथळायला लागला, की बाहेर थंडी आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. मशीनवाली धावत आली.

"मॅडमना बोलावू?"

"खबरदार. गॅस आहे. केक शिळा होता."

"आम्ही पण तोच खाल्ला."

"तुम्हाला कळेल उद्या."

"मग आत्ता रक्त देता? दुखतंय तोवरच लावते."

काकांना दुखण्यातही धक्का बसला. "भरल्या पोटी? तीन तुकडे केक खाऊन? असला नमुना मी कुणाचा घेतला नाही आजवर. उपाशी नाही ते रक्त कसलं?"

"तुमच्या कोलेस्टेरॉलसाठी नाही म्हणत मी. लिव्हरच्या आकड्यांना आणि पेशींना उपास लागत नाही, काका. ते तुम्हाला..."

"तू मला शिकव आता."

तिने शिकवलं नाही. सत्तावीस वर्षं सुई धरलेल्या माणसाला कोण शिकवणार? काका पेटी तिथेच टाकून रिक्षाने घरी गेले आणि पोटाशी उशी धरून पडले. बायको चार वेळा म्हणाली, चला. ते चार वेळा म्हणाले, फाईल बघ. चौथ्या वेळी तिने फाईल उचलून पाळीव मांजराच्या अंथरुणाखाली घातली.

"मांजराला ऊब तरी लागेल."

मंगळवारी सकाळी कळ ओसरल्यासारखी वाटली. पोटात मळमळत होतं, अंगात कसकस होती, आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला होता. तो त्यांनी बघितला. दुसऱ्या कुणाचा असता तर पायरीवर बसून दहा मिनिटं व्याख्यान दिलं असतं. स्वतःचा होता म्हणून पाणी ओतलं आणि कामाला निघाले. घरं घेतली नाहीत. जिने चढायची ताकद नव्हती. थेट लॅबच्या बाकड्याशी जाऊन टेकले.

धुकं नुकतंच उठलं होतं आणि बाकड्यावर ऊन आलं होतं. सोनोवाली दारात उभी राहून आपली यादी बघत होती. तिने सवयीने तोंड उघडलं, "काय हो, आज पेशंट पळवायचे सोडून..." आणि मध्येच थांबली. जवळ आली. काकांची हनुवटी धरून तिने तोंड उन्हाकडे वळवलं, एखाद्या शेंबड्या पोराचं वळवावं तसं.

"डोळे पिवळेधमक झालेत तुमचे."

"प्रकाश तसा पडलाय."

"प्रकाश माझ्या डोळ्यांत पण पडलाय. मशीनवाली! अगं बाहेर ये. तुमच्या डासाला कावीळ झालीय!"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा काकांचं रक्त दुसऱ्या कुणी काढलं. मशीनवालीने पट्टा बांधला आणि काकांनी मान फिरवली. सुई कोपराजवळ आली तसा त्यांचा हात मागे सरकला.

"मूठ मिटा."

"मिटलीय."

"ती नाही, हातातली. पोटावरची सोडा. आणि हात पुढे. लहान मुलांना काय सांगता तुम्ही? मुंगी चावल्यासारखं होईल."

"मी ते खोटं सांगतो," काका डोळे मिटून म्हणाले.

अर्ध्या तासाने कागद बाहेर आला. चांदण्याच चांदण्या. बिलिरुबिन पावणेचार, असायला हवं एकच्या आसपास. लिव्हरचे दोन आकडे चारशेच्या पुढे, असायला हवेत चाळीसच्या आत. पित्तनळी तुंबली की चढणारा तिसरा आकडा दुपटीच्या वर. पांढऱ्या पेशी चौदा हजार. काकांनी कागद हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"हा माझा नाही."

"नाव तुमचं आहे."

"नळ्या बदलल्या असतील. लेबल चुकलं असेल. रक्तातल्या पेशी फुटल्या असतील नळीत."

"नळी मी भरली, तुमच्या डोळ्यांसमोर. म्हणजे डोळे तुम्ही मिटले होते, तो भाग निराळा."

"मशीन बिघडलंय. परत लाव."

तिने परत लावलं. बिलिरुबिन पावणेचार. काकांना सासू आठवली की नाही, कोण जाणे. त्यांचं तोंड मात्र एवढंसं झालं. कोर्टाचा जज्ज आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता आणि साक्षीदार त्यांचाच, सरकारी, कधी न फुटणारा.

मॅडम आतून आल्या. बाई मितभाषी. त्यांनी कालचा कागद आणि आजचा कागद शेजारी शेजारी ठेवला आणि मशीनवालीकडे असं बघितलं, की ती आपण होऊन सगळं बोलली. आठ महिने, आठ नळ्या, अठरा तासांचा उपास.

मॅडमनी दोन्ही कागदांवरच्या तारखा बोटाने जुळवल्या. मग म्हणाल्या, "काका, खडा पित्ताच्या पिशवीत नुसता पडून असेल तर रक्ताला त्याचा पत्ताही नसतो. कळ येऊन गेली तरी बऱ्याचदा नसतो. खडा सरकून नळीत अडकला, की पित्त मागे तुंबतं, मग हे आकडे चढतात. खडा निसटला, की काही दिवसांत उतरतात. खडा आहे की नाही, हे रक्त सांगतच नाही. तो आत काय गोंधळ घालतोय, तेवढं सांगतं. तेही तो गोंधळ चालू असताना विचारलं तर."

"पण कोरा रिपोर्ट म्हणजे..."

"कोरा रिपोर्ट म्हणजे त्या सकाळी नळी तुंबलेली नव्हती. बस. खडा बघायचा तर पोटात बघावं लागतं." त्यांनी शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "ताप आहे?"

"कसकस आहे."

"मग बाकड्यावर बसू नका. कावीळ, ताप आणि ही कळ, तिन्ही एकत्र म्हणजे नळीत पू होऊ शकतो. तसं झालं तर हे दुखणं माणसाला उसंत देत नाही. आत्ताच्या आत्ता पलीकडे जा, मी हॉस्पिटलला फोन करते."

पलीकडे जा. बारा पावलांचं अंतर, पण काकांना ते आठ महिन्यांत तोडता आलं नव्हतं. सोनोवाली दारातच उभी होती. आता ती काय बोलते म्हणून बाकड्यावरचे चारही उपाशी पेशंट कान टवकारून बसले होते. काकांनीही खांदे पाडून वार झेलायची तयारी केली.

ती म्हणाली, "निळा स्वेटर, तुमचा नंबर नंतर. आधी आमच्या शेजाऱ्याला घेते." आणि काकांचा दंड धरून आत नेलं. पलंगावर स्वच्छ कागद अंथरला. एवढं झाल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "सदरा वर करा. आणि हलू नका, ढग पांगतील."

गार जेल पोटावर पडलं. आतल्या डॉक्टरांनी यंत्र बरगडीखाली दाबलं, तशी काकांच्या तोंडून किंकाळी निघाली. पडद्यावर काळ्या पिशवीत पांढरे खडे ओळीने बसले होते, बाकड्यावर पेशंट बसावेत तसे. आणि नळी फुगलेली.

बायको आली तेव्हा काकांना गाडीत घालत होते. तिच्या हातात कपड्यांची पिशवी तयारच होती. कधी भरली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चार महिने झाले. दाराच्या मागे टांगून ठेवली होती."

गाडीत काकांनी तिचा हात धरला. या वेळी त्यांचाच हात गार होता.

"अगं, मी जाईन का गं?"

तिने पिशवी खाली ठेवली. मग त्यांचा हात दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायला लागली. "गेलात तर आईला मी काय तोंड दाखवू? तिला तुमच्याशी बोलायचंय अजून. पडून राहा."

हॉस्पिटलात आधी सलाईनमधून औषधं चालू केली, मग घशातून नळी घालून पित्ताच्या वाटेतला खडा काढला. सर्जन म्हणाले, एखादा दिवस आणखी फाईल बघत बसला असतात तर आज मी तुमच्याऐवजी तुमच्या बायकोशी बोलत असतो. काविळीचे आकडे उतरेपर्यंत रोज रक्त घ्यायला एक नवखी नर्स यायची. तिला शीर सापडायची नाही. तीन-तीनदा टोचायची. काका दात आवळून बसायचे. पाचव्या दिवशी न राहवून म्हणाले, "बाई, डोळे मिट. बोटाने बघ." तिने डोळे मिटले आणि सुई बरोबर गेली. तेवढा एक आनंद त्यांना त्या आठवड्यात झाला. पुढे चार छोटी भोकं पाडून पिशवीच काढून टाकली.

सासू भेटायला आली ती ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली. चष्मा कपाळावर चढवला. पलंगाच्या पायाशी अडकवलेला कागद काढून हातभर लांब धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण तो मुद्दा नव्हता.

"जावईबापू," ती म्हणाली, "काही नाही तुम्हाला. लाड करून घ्यायची हौस."

खोलीत कुणी हसलं नाही. मग बायको हसली, इतकी हसली की पलीकडच्या पेशंटला उठून बसावं लागलं. काकांनाही हसू आलं, पण टाके ओढले गेले म्हणून ते कण्हले. सासूने कागद जागच्या जागी लावला. "दुखतंय का?" तिने विचारलं.

"हो."

"असू दे. मलाही दुखलं होतं," ती म्हणाली, आणि पिशवीतून आणलेलं मऊ सफरचंद काढून त्याच्या फोडी करायला बसली.

सत्तावीस वर्षं जी जीभ निकाल द्यायला वळली, ती माफी मागायला वळेना. शेवटी काका म्हणाले, "तुमचा रिपोर्ट... तेव्हा मी चुकीच्या वेळी घेतला."

"रिपोर्टाचं नका सांगू. पायरीवर काय बोललात, त्याचं सांगा."

काकांनी चार फोडी होताना बघितल्या. मग म्हणाले, "ते खोटं बोललो."

"हां," सासू म्हणाली, आणि पाचवी फोड त्यांच्या हातात दिली.

महिन्याभराने डासकाका कामावर आले. कायापालट वगैरे काही झालेला नव्हता, तसा समज कुणी करून घेऊ नये. खडे त्यांनी मागून घेतले होते आणि एका लाल बुचाच्या नळीत घालून, वर तारीख-वेळेचं लेबल चिकटवून पायरीवरच्या कोर्टात मांडले होते. आता ते रक्तावर बोलायचे त्याच्या दुप्पट खड्यांवर बोलायचे. शिवणयंत्राची खडखड तेवढीच राहिली. सोनोवालीबरोबर बाकड्यावरून भांडणही आठ दिवसांत पूर्ववत सुरू झालं. एवढंच, की ढगांचा विषय निघाला की काका घसा खाकरून दुसरीकडे बघायचे.

त्या सकाळी थंडी पुन्हा वाढली होती. बाकड्यावर एक बाई बसली होती, पोस्टात काम करणारी, हातात डॉक्टरची चिठ्ठी. लिव्हरचे आकडे, पेशी. काकांनी खिडकीतून चिठ्ठी घेतली आणि सवयीने तोंडातून निघालं, "उपाशी आहात ना?"

"हो. काल दुपारपासून. पोट दुखत होतं शनिवारी, आता अगदी बरं आहे. म्हणून म्हटलं, आजच येऊन जाते."

काका पेन टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

"जेवणानंतर दुखतं? उजवीकडे? मागे खांद्यापर्यंत?"

"तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: कळ शनिवारी, नमुना सोमवारी, उपाशी. मग म्हणाले, "आत्ता घेतो. पण कागद कोरा आला तर तो घेऊन नाचू नका, डॉक्टरांना नेऊन दाखवा. आणि परत कळ उठली तर तशाच या, जेवलेल्या असलात तरी या. बंद असलो आम्ही तर सरळ हॉस्पिटलात जा. हे झालं की पलीकडेही नंबर लावा."

"पलीकडे कुठे?"

काका जरा घुटमळले. "तिथे. ती मोठ्या आवाजाची बाई बसते, तिच्याकडे."

"ऐकू येतंय हं!" भिंतीपलीकडून आवाज आला.

काकांनी ऐकलंच नाही असं दाखवून पट्टा उचलला. बाईचा हात गार पडला होता, शीर कुठे दिसेना. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला आणि चोळायला सुरुवात केली.